घरफोड्या दुप्पट झाल्या, म्हणजे किती झाल्या?

दोन हजार वस्तीच्या गावात वर्षभरात एक खून झाला, की त्या वर्षी गावाचा खुनाचा दर लाखामागे 50 होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशभरात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. दर होता लाखामागे 2.1. म्हणजे आपलं हे गाव देशाच्या जवळपास 24 पट भयंकर ठरलं. पुढच्या वर्षी तिथे खून झाला नाही, की दर शून्य आणि गाव एकदम देशातलं सर्वांत सुरक्षित. एवढ्या अवधीत गावात बदललं काय? बांधाच्या भांडणात एका वर्षी कुणाचा तरी जीव गेला, दुसऱ्या वर्षी सुदैवाने गेला नाही.

गावाचं उदाहरण टोकाचं वाटेल, पण शहरातल्या पोलीस ठाण्यांच्या हद्दींचे आकडे आपण असेच वाचतो. समजा, 50,000 वस्तीच्या एका भागात गेल्या वर्षी घरफोडीचे 4 गुन्हे नोंदले गेले आणि यंदा 8. मथळा ठरलेला: ‘घरफोड्यांत शंभर टक्के वाढ’. गणित चुकलेलं नाही. तरीही दोन्ही वर्षांच्या मिळून बारा गुन्ह्यांसाठी नाणं घेऊन बारा वेळा उडवून पाहा: छाप म्हणजे गेलं वर्ष, काटा म्हणजे यंदा. छाप आठ किंवा त्याहून जास्त, किंवा काटा आठ किंवा त्याहून जास्त, असा निकाल शंभरातून साधारण 39 वेळा येतो. म्हणजे त्या भागातला धोका दोन्ही वर्षी अगदी सारखाच असता, तरी चार आणि आठ इतकी तफावत निव्वळ योगायोगानेही सहज पडली असती. हेच आकडे 40 आणि 80 असते, तर मात्र योगायोगाचं कारण टिकलं नसतं. तेव्हा वाढ खरी मानून तिचं कारण शोधायलाच हवं.

आकड्याभोवतीचा हा डळमळीतपणा मोजण्यासाठी संख्याशास्त्रात ‘विश्वास-अंतराल’ काढतात. एका नेमक्या आकड्याऐवजी, खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकेल, याचा तो पट्टा असतो. वर्षात 4 घटना नोंदल्या असतील तर त्यांचा 95 टक्के विश्वास-अंतराल साधारण 1 ते 10 येतो. 8 घटनांचा साडेतीन ते 16. आपल्या भागासाठी लाखाच्या हिशेबात गेल्या वर्षीचा दर 2 ते 20 मध्ये कुठेतरी, यंदाचा 7 ते 32 मध्ये कुठेतरी. पट्टे एवढे एकमेकांवर चढलेले असताना ‘दुप्पट’ हा शब्द वापरणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. मात्र पट्टे जरासे चढले म्हणून फरक नाहीच, असंही लगेच ठरत नाही. तिथे दोन आकड्यांमधल्या फरकाचाच पट्टा वेगळा काढावा लागतो.

यामागचं गणित न्यायालयातूनच आलं आहे. सिमेओं द्नी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये फौजदारी आणि दिवाणी निवाड्यांच्या संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला. क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीचं जे वितरण आज त्याच्या नावाने ओळखलं जातं, ते त्यात आहे. त्यातूनच एक सोपा ठोकताळा मिळतो: घटनांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं आणि तेवढं दोन्ही बाजूंना धरायचं. 100 घटना असतील तर 80 ते 120. 400 असतील तर 360 ते 440. देशाच्या 28,522 खुनांना हाच हिशेब लावला तर पट्टा जेमतेम सव्वा टक्का खाली-वर होतो. संख्या अगदी लहान असेल तर मात्र हा ठोकताळा चालत नाही, तक्ते पाहावे लागतात. शून्यालाही पट्टा असतोच: एकही नोंद नसेल तेव्हा वरची मर्यादा साधारण तीन घटनांची धरतात.

विश्वास-अंतरालाची कल्पना पक्की मांडली संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी, 1937 मध्ये. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्याकडे संशोधन करत होते. पुढे सुखात्म्यांनी पीक कापणी प्रयोगांना नमुनानिवडीची शास्त्रीय बैठक दिली. नेमन यांचं म्हणणं समजायला जत्रेतला रिंग टाकण्याचा खेळ आठवावा. साबणाची वडी म्हणजे खरा दर, रिंग म्हणजे आपला पट्टा. वडी जागची हलत नाही, रिंग मात्र दर वेळी वेगळीकडे पडते. 95 टक्के याचा अर्थ इतकाच, की या रीतीने शंभर रिंगा टाकल्या तर सुमारे 95 वडीभोवती पडतील. आत्ता टाकलेली रिंग वडीभोवती पडली की नाही, हे ती टक्केवारी सांगत नाही.

इथे जाणता वाचक विचारेल, की पोलिसांनी काही नमुना घेतलेला नाही, सगळ्याच नोंदी मोजल्या आहेत, मग अनिश्चितता कसली? प्रश्न अगदी रास्त आहे. यंदा किती गुन्हे नोंदले, एवढंच विचारायचं असेल तर उत्तर 8, विषय संपला. पण तिथे घर घेणारा, मुलीला तिथल्या वसतिगृहात ठेवणारा किंवा गस्त वाढवायची का हे ठरवणारा अधिकारी 8 हा आकडा विचारत नसतो. त्या भागात धोका किती, हे त्याला हवं असतं. तो धोका दिसत नाही. दिसते ती एका वर्षाची नोंद. तेवढ्यावरून धोक्याचा अंदाज बांधायचा, तर पट्टा लागतोच.

उलट हे पट्टेसुद्धा अपुरे पडतात. एक टोळी एका रात्रीत एकाच इमारतीतले चार फ्लॅट फोडते. गुन्हे चार झाले, पण घटना एकमेकींपासून सुट्या नाहीत, आणि प्वासाँचं गणित त्या सुट्या धरून चालतं. म्हणून खरी अनिश्चितता आणखी मोठी असते. शिवाय चुकीच्या भाजकावर पट्टा उपाय करू शकत नाही. दादरसारख्या ठिकाणी दिवसभर येणारी-जाणारी गर्दी तिथल्या रहिवाशांत मोजली जात नाही, पण तिचे हरवलेले मोबाइल आणि पाकिटं तिथल्याच नोंदीत येतात. 2011 नंतरची जनगणना हाती नसल्याने लोकसंख्याही अंदाजाचीच. आणि तक्रार घेण्यात एखादं ठाणं तत्पर असेल तर कागदावर तेच बदनाम होतं.

घर फोडलं गेलं त्या कुटुंबाला या पट्ट्यांशी काही देणंघेणं नाही. त्याचा तपास झालाच पाहिजे. माझं म्हणणं आहे ते वस्तीवर मारल्या जाणाऱ्या शिक्क्याबद्दल. पन्नास ठाण्यांची उतरंड लावली की कुणीतरी पहिलं येणारच, धोका सगळीकडे सारखा असला तरी. मग त्या भागाचं नाव सांगितलं की नोकरी देणारा बिचकतो, स्थळ फिरतं. असे शिक्के इथे नवे नाहीत. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं कुंपणाआड ठेवली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या जमातींपैकी पारध्यांच्या पालावर आजही संशयाची पहिली नजर जाते. असा इतिहास असलेल्या राज्यात चार-आठ नोंदींवरून कुठल्याही वस्तीला ‘गुन्हेगारीचा अड्डा’ म्हणणं अन्याय आहे.

तुमच्या भागाबद्दल अशी बातमी आली तर टक्केवारीमागचा मूळ आकडा त्यात आहे का पाहा, आणि मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडून बघा. मधल्या काळात ठाण्याची हद्द बदलली होती का, हेही विचारा. ही माहिती बातमीत नसेल तर माहिती अधिकारात मागता येते. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.