टायरचा मधला आकडा

मागच्या वेळी आपण ब्रेकवर बोललो. ते संपवून आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात एका गृहस्थांनी गाठलं. म्हणाले, "टायर बदलायचेत. दुकानदार म्हणतो, तुमचं माप संपलंय, पण हे बसतील. बसवू का?" आम्ही विचारलं, माप काय? "एकशे पासष्ट, चौदा." आणि मधला आकडा? तो काही त्यांना आठवेना. आजचा विषय तिथूनच निघाला.

आता फळ्यावर बघा. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलच्या टायरवर असं लिहिलेलं असतं: १६५/८० आर१४ ८५टी. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. १४ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, पण तो इंचात. आर म्हणजे रेडियस नव्हे बरं का, आर म्हणजे रेडियल. ही टायर बांधायची पद्धत, मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेली. राहिला ८०. हा ना मिलिमीटर, ना इंच. हे आहेत टक्के. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, अशी सगळी खिचडी. जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या टायरवर ५.९०-१५ एवढंच असायचं, दोन्ही इंचात. मधला आकडा नव्हताच. दोनच आकडे सांगायची सवय कदाचित तिथलीच असावी.

आता गणित, चौथीतलंच आहे. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. ही भिंत रिमच्या वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट, २६४. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ६१९.६. एवढी तुमच्या चाकाची उंची.

वॅगन-आरच्या काही मॉडेलना १६५/७० आर१४ टायर येतो. रुंदी तीच, रिम तीच, फक्त ८० चा ७०. स्विफ्टच्या रिमवर तो चढेल का? चढेल. नट आवळले जातील, गाडी दुकानातून बाहेरही पडेल. दुकानदार "बसेल" म्हणतो ते खोटं नाही. पण १६५ चे ७० टक्के ११५.५, दुप्पट २३१, अधिक ३५५.६, झाले ५८६.६. चाक ३३ मिलिमीटरने बुटकं झालं, पाच टक्क्यांहून जास्त.

याने काय होतं? गाडी निम्म्याने, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरने खाली बसते. आपल्या सोलापुरातले काही स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिलेत त्यांना दीड सेंटिमीटरची किंमत वेगळी सांगायला नको. दुसरं म्हणजे काटा. गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. बुटकं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ७६ च्या आसपास असते. किलोमीटरही फुगून येतात. मग १८ चं अ‍ॅव्हरेज १९ दिसतं आणि मालक खूश होऊन चार जणांना सांगतो, नवीन टायर लई भारी! पेट्रोल मात्र तेवढंच जळत असतं.

खरा घोर वेगळाच आहे. त्या ओळीच्या शेवटी ८५टी लिहिलंय ना, तिकडे कोणी बघत नाही. टी म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी १९० किलोमीटर. ती आपल्याला लागत नाही, लागूही नये. ८५ हा वजनाचा क्रमांक आहे, ८५ किलो नव्हे. तक्त्यात ८५ समोर ५१५ किलो आहे, एका टायरला. १६५/७० आर१४ वर साधारणपणे ८१ असतो, म्हणजे ४६२ किलो. एका टायरमागे ५३ किलो गेले. चारांचे २१२, म्हणजे तीन माणसं.

तुमच्यातले हिशेबी लोक म्हणतील, चार गुणिले ४६२ म्हणजे १८४८ किलो, आणि अशी गाडी माणसांसकट भरते तेराशे-चौदाशे. मग अडचण काय? अडचण अशी की वजन चारही चाकांवर सारखं नसतं. इंजिन पुढे, त्यामुळे पुढची चाकं आधीच जास्त उचलतात. ब्रेक दाबला की अजून वजन पुढे येतं. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर कितीतरी पट धक्का बसतो. कंपनीने वर ठेवलेली शिल्लक असल्या क्षणांसाठी असते, आणि आपण नेमकी तीच खर्च करून टाकतो.

शिवाय हा ५१५ चा आकडा पुरी हवा असेल तरच खरा. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे, उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो. मंडळी, उलट आहे. कंपनी सांगते तो आकडा थंड टायरचा असतो, चालल्यावर हवा तापून दाब वाढणार हे धरूनच ठरवलेला. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपतो, भिंत सारखी वाकते, आणि त्या वाकण्याने तो आतून तापतो. आता मे महिना धरा, पारा चाळिशीपार, पाच माणसं, डिकी भरलेली, नळदुर्ग-उमरगामार्गे हैदराबादला सलग निघालात. त्यात टायर एक क्रमांक हलका आणि हवा दोन पॉइंट कमी. यातली एकेक गोष्ट खपून जाते हो, पण त्या चारही एकत्र येतात.

मोठा टायर टाकण्याची हौस असणारेही समोर बसलेत, दिसतंय आम्हाला. १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/६५ आर१५ टाकला तर चाक २६ मिलिमीटरने वाढतं, चार टक्क्यांहून जास्त. मग काटा ८० म्हणतो आणि गाडी ८३ ने पळते, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासू शकतो, गाडी भरलेली असताना तर जास्तच. रुंद टायरला रिमही तेवढी रुंद लागते. बदल करायचाच असेल तर चाकाची उंची मूळ मापाच्या दोन-तीन टक्क्यांत राहू दे, वजनाचा क्रमांक मूळपेक्षा खाली नको, आणि एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे. एबीएस चारही चाकांचे वेग ताडून बघत असतं, त्याला वेगवेगळी चाकं दिली तर ते गोंधळतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवा दोन्ही असतं. जुन्या टायरवरून माप घेऊ नका, कारण आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. दुकानात जायच्या आधी त्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा. आणि नवीन टायरच्या भिंतीवर चार आकडे बघा, २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून आत्ताच घेतो. काही गाड्यांत चाकं पंधराची आणि डिकीत स्टेपनी चौदाची असते. कंपनीने फसवलं का? गणित करा. १८५/६५ आर१५ ची उंची येते ६२१.५. मघाच्या १६५/८० आर१४ ची होती ६१९.६. दोन मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. पण रुंदी कमी, पकड वेगळी. म्हणून तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळायची, आणि पंक्चरवाल्यापर्यंत जाऊन मूळ चाक परत लावायचं. स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र आज घरी गेल्यावर बघा. आमच्या स्वतःच्या गाडीत परवा बघितली तर निम्मीच होती.