रिमॅपच्या आधी आकडे वाचा

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. गाडीतल्या ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, बराचसा कारभार या आकड्याभोवती चालतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा इंधन फवारायचं आणि तितक्याच ठिणग्या पाडायच्या. दर वेळी किती आणि केव्हा, हे ईसीयू एका तक्त्यात बघून ठरवतो. तक्त्याच्या एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. हाच मॅप. त्यातले आकडे बदलले की झाला रिमॅप.

लडाखची विरळ हवा, नागपूरचा मे महिना, कुठल्याशा पंपावरचं भेसळीचं पेट्रोल आणि प्रदूषणाचे नियम हे सगळं सांभाळायचं असल्यामुळे कंपनी हे आकडे हातचं राखून भरते. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, त्यामुळे रिमॅपनंतर पिकअपमधला फरक लगेच जाणवतो. बिनटर्बोच्या इंजिनात फारसं काही हाती लागत नाही.

हौस असेल तर सुरुवात वाचनापासून करावी. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात एक स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बसवलं की मोबाइलवर आकडे दिसू लागतात. त्यातला ‘फ्युएल ट्रिम’ आधी बघा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयू मॅपमधल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करतोय, ते त्यातून कळतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की लागणाऱ्या हवेचं प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतं. त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी बेतलेल्या गाडीत ई-२० भरलं, तर ट्रिम अधिककडे सरकतो. तसं काही कारण नसताना तो सतत अधिक १० च्या वर राहत असेल, तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय. हा दोष मॅप बदलून झाकू नये.

पुढची पायरी इंधनाची. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिश्रण जरा गडद, साधारण १२.५ ते १३ च्या आसपास लागतं. बऱ्याच गाड्यांतला मूळ ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच नीट सांगतो. नेमका आकडा हवा असेल, तर वाइडबँड सेन्सर बसवावाच लागतो.

ठिणगीला हात सगळ्यात शेवटी लावावा. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडते. ती आणखी अलीकडे आणली की काही मर्यादेपर्यंत ताकद वाढते. मर्यादा ओलांडली की उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. हेच नॉकिंग. जोरात ॲक्सिलरेटर दिलेला असताना ते होत राहिलं, तर पिस्टनचे तुकडे पडू शकतात. म्हणून मूळ फाइल आधी जपून ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि चाचणी रस्त्यावर न करता डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करावी.

मुळापासून शिकायचं असेल, तर एखादं जुनं कार्बोरेटरचं इंजिन घ्या. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांचा मेगास्क्वर्ट किंवा आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो हे ईसीयू स्वतः जोडता येतात आणि त्यांचा रिकामा तक्ता आपणच भरायचा असतो.

रस्त्यावर चालवायच्या गाडीचं गणित वेगळं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू आहेत. मॅप बदलल्याने धूर मर्यादेबाहेर गेला तर तो नियमभंग ठरतो आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या फोक्सवॅगनच्या घोटाळ्यात चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली ईसीयूतच होती.

तेव्हा पहिला महिनाभर फक्त आकडे टिपा. ‘पिकअप गेला’ म्हणून रिमॅपच्या मागे लागलेल्या अनेक गाड्यांना खरं तर नवा एअर फिल्टर आणि नवे स्पार्क प्लगच हवे असतात.