जैव घड्याळ, वार्धक्यातील

जैव घड्याळ, वार्धक्यातील : निद्रा व जागृती, शरीराचे तापमान, हॉर्मोनांचे स्रवण इ. क्रियांत सु. २४ तासांची लय राखणाऱ्या शरीरांतर्गत यंत्रणेस जैव घड्याळ म्हणतात. वाढत्या वयाबरोबर या लयीतील चढउतार मंदावतात व तिच्या वेळा लवकरच्या बाजूस सरकतात.

मानवातील मुख्य घड्याळ मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागात, दोन्ही दृक्‌तंत्रिका परस्परांना छेदतात त्या स्थानाच्या लगेच वर असते. त्यातील सु. २०,००० तंत्रिका कोशिकांत विशिष्ट जीनांपासून तयार होणारी प्रथिने त्याच जीनांचे कार्य थोपवितात. प्रथिनांचा ऱ्हास झाल्यावर हे चक्र पुन्हा सुरू होते. फळमाशीतील या यंत्रणेच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वयपरत्वे बदल : वार्धक्यात हे घड्याळ जलद चालू लागते, असे पूर्वी मानीत. १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर व सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांत लयीचा सरासरी आवर्तकाल सु. २४ तास ११ मिनिटे आढळला. बदलतो तो लयीचा जोर. रात्री तापमान पूर्वीइतके उतरत नाही, पुष्कळांत मेलॅटोनीन कमी स्रवते व झोप उथळ होते [⟶ निद्रा]. डोळ्यातील भिंग पिवळसर व बाहुली लहान होत गेल्याने घड्याळ जुळविणारा निळा प्रकाशही जालपटलावर कमी पोहोचतो.

प्रकाश व स्थानिक वेळ : भारतीय प्रमाण वेळ ८२° ३०′ पू. रेखावृत्तावरील आहे. नंदुरबार सु. ७४° १५′ पू. रेखांशावर असल्याने तेथील सौर वेळ तिच्या सु. ३३ मिनिटे मागे असते. जानेवारीत तेथे सूर्योदय सातनंतर होतो. पहाटे चारला जाग येणाऱ्या वृद्धास तीन तास अंधारात काढावे लागतात. शेतात राबणाऱ्यास दिवसभर उजेड मिळतो. वयोमानाने तीच व्यक्ती घरात बसू लागली की, लाखभर लक्सपर्यंत जाणाऱ्या उन्हाऐवजी जेमतेम काहीशे लक्स प्रकाश तिच्या वाट्याला येतो.

उपाय : पहाटेचा प्रकाश घड्याळ लवकरच्या, तर सायंकाळचा उशिराच्या बाजूस सरकवितो. त्यामुळे फार लवकर जाग येणाऱ्या वृद्धांनी ऊन उतरल्यावर अंगणात वा ओट्यावर बसणे, दिवसाची झोप आटोपशीर ठेवणे व मोतीबिंदूवर वेळीच उपचार घेणे हितावह असते. पहाटेची जाग हा पुष्कळदा रोग नसतो. केवळ तेवढ्यासाठी झोपेच्या गोळ्या घेतल्यास तोल जाऊन पडण्याचा व अस्थिभंगाचा धोका वाढतो. मात्र रात्रभर अस्वस्थपणे फिरणे व दिवसा झोपणे अशी उलथापालथ स्मृतिभ्रंशातही आढळत असल्याने अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.