ट्रॅक्टर ४५ चा, नांगर केवढा?



खोडवा मोडला की पुढच्या लागणीसाठी रान तयार करायची घाई सुरू होते. याच दिवसांत नवी अवजारे घेतली जातात. ट्रॅक्टर घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, पण अवजार घेताना बहुतेक वेळा एवढेच बघतो की शेजाऱ्याने काय घेतले आणि दुकानदार काय म्हणतो. चूक होते ती इथेच.

बैल होते तेव्हा हा प्रश्न पडत नव्हता. हलक्या माळाला एक जोडी पुरे. भारी काळ्या रानात हरळी-कुंदा मोडायचा तर लोखंडी नांगराला तीन-चार जोड्या जुंपायच्या. जमीन बघून बैल जुंपायचे, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होते. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. तो एकच असतो, त्याला आणखी एक जोडी लावता येत नाही. म्हणून नियम उलटा करायचा : जमीन बघून अवजार जोडायचे.

बॉनेटवरचा आकडा आणि हुकावरची ताकद

४५ अश्वशक्ती, म्हणजे आपण बोलतो तसा ४५ एचपी, हा आकडा इंजिनाचा आहे. ती सगळी ताकद अवजारापर्यंत पोचत नाही. पीटीओवर साधारण ३८ ते ३९ मिळते. ओढकामाला तर त्याहून कमी, कारण गिअर, चाके आणि सैल माती आपापला वाटा घेतात. नांगरटीच्या रानात हुकावर २२ ते २५ अश्वशक्ती मिळाली तरी पुष्कळ म्हणायची. त्यातही थोडी हातची राखावी, कारण रानात मध्येच कठीण पट्टा लागतोच. म्हणजे ४५ च्या ट्रॅक्टरचा हिशेब ओढकामासाठी २० धरून करावा.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओवरची ताकद दिलेली असते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे तो आकडा जरूर मागावा.

नांगराचा हिशेब

हा हिशेब वहीच्या एका पानावर बसतो. नांगराचा एक फाळ १२ इंची, म्हणजे ३० सेंटिमीटर रुंद. खोली १० इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर. एका फाळाने कापलेली माती झाली ७५० चौरस सेंटिमीटर. आता प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ओढ किती लागते ते जमिनीवर अवलंबून. ढोबळ मानाने हलक्या रानात ०.३ किलो, मध्यम काळ्या रानात ०.५ किलो आणि भारी काळ्या, थोड्या सुकलेल्या रानात ०.८ किलो धरावी.

भारी रानात दोन फाळांना १५०० गुणिले ०.८, म्हणजे १२०० किलो ओढ लागेल. ओढीचे किलो गुणिले ताशी वेग, भागिले २७०, केले की अश्वशक्ती निघते. ताशी ४ किलोमीटर वेगाने ती होते जवळजवळ १८. आपल्या २० मध्ये ती बसते.

तिथेच तीन फाळी नांगर लावला तर ओढ होते १८०० किलो आणि अश्वशक्ती जवळजवळ २७. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. सैल रानात तो १८०० किलो ओढील कसा? चाके जागीच फिरणार. मध्यम काळ्या रानात मात्र त्याच तीन फाळांना ११२५ किलो ओढ आणि १७ अश्वशक्ती पुरते. म्हणजे नांगर तोच, ट्रॅक्टर तोच, पण एकाच्या रानात चालतो आणि दुसऱ्याच्या रानात चालत नाही. शेजाऱ्याचे बघून घेऊ नये, असे म्हणतो ते यासाठीच.

कुणी म्हणेल, खालचा गिअर टाकू. खालच्या गिअरने वेग कमी होतो, अश्वशक्ती कमी लागते हे खरे. पण ओढीचे किलो तेवढेच राहतात, आणि चाक घसरते ते ओढीने. शिवाय कामाचे नुकसान होते ते वेगळेच. तीन फाळी नांगर ३ फूट रुंद काम करतो. चाक घसरून त्याचा वेग ताशी अडीच किलोमीटरवर आला तर तासाला २२५० चौरस मीटर जमीन होते. दोन फाळी नांगर २ फूटच घेतो, पण ४ च्या वेगाने २४०० करतो. मोठा नांगर घेऊन काम कमीच झाले, आणि डिझेल व टायर झिजले ते फुकट.

भारी रानात एक फूट खोल जायचे असेल तर वापशाची वाट पाहावी. फाळ वाढवून खोली मिळत नाही. खोली हवी तर रुंदी सोडावी लागते.

पलटी नांगर घेताना वजनही बघा. साध्या नांगरापेक्षा तो बराच जड असतो. उचलल्यावर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे झाले तर बांधावर आणि रस्त्यावर धोका आहे. अशा वेळी पुढे वजने लावावीत, आणि तरीही भागत नसेल तर तो नांगर त्या ट्रॅक्टरचा नव्हे.

रोटाव्हेटर

रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. काळ्या रानात दर फुटाला इंजिनाची ८ ते ९ अश्वशक्ती धरावी. ४५ च्या ट्रॅक्टरला ५ फुटी बसतो. ६ फुटी घेतला तर ढेकळाच्या रानात इंजिन दबते आणि पाती माती नीट फोडत नाहीत. उलट फार लहानही नको. मागच्या चाकांचा माग झाकला गेला नाही तर तुडवलेला पट्टा तसाच राहतो. म्हणून चाकांची बाहेरून बाहेर रुंदी टेपने मोजूनच दुकानात जावे.

फणपाळी आणि सरी

नांगरलेल्या रानात ४५ च्या ट्रॅक्टरला ९ फणी कल्टिव्हेटर ठीक. फणांच्या स्प्रिंगा सारख्या मागे ओढल्या जात असतील तर रान अजून कल्टिव्हेटरचे झालेले नाही, हे समजावे. सरीसाठी आधी आपले अंतर ठरवा. पाच फुटी सरी असेल तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट अंतर ठेवा, म्हणजे चाक सरीतून चालते आणि वरंबा तुडवला जात नाही.

हलके काम असेल तेव्हा वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवावी. डिझेल वाचते. पीटीओच्या कामाला मात्र हे चालत नाही. तिथे मीटरवर ५४० ची खूण असते, तेवढी रेस हवीच.

रानातली परीक्षा

अवजार जमले की नाही हे ट्रॅक्टरच सांगतो. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून रानात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. मग अवजार जमिनीत घालून तेच करा. पहिल्यांदा ४० मीटर आणि दुसऱ्यांदा ३५ मीटर भरले तर घसरण साडेबारा टक्के झाली. १० ते १५ टक्के असेल तर जोडी जमली. २० च्या वर गेली तर अवजार मोठे आहे, खोली जास्त आहे किंवा रान ओले आहे. ५ च्याही आत असेल तर ट्रॅक्टरला आणखी काम देता येईल.

ही परीक्षा केवळ डिझेलसाठी नाही. घसरणारे चाक ओली काळी माती लिंपल्यासारखी दाबते. नांगरटीत एक चाक तासातूनच जात असल्याने हा थर नांगराच्या तळाशी बसतो. वरून रान भुसभुशीत दिसते, पण खाली पाणी मुरत नाही आणि उसाची मुळी उतरत नाही. लागणीत हे लक्षात येत नाही. खोडव्याला फुटवे कमी पडले की दोष खताला किंवा बेण्याला दिला जातो.

विकत काय, भाड्याने काय

ट्रॅक्टरचा आणि अवजाराचा हप्ता शेवटी ऊस बिलातूनच फिटायचा आहे. वर्षात पुन्हापुन्हा लागणारे अवजार घरचे असावे. सबसॉयलर काही वर्षांतून एकदाच लागतो आणि त्याच्या एका फाळालाही जबर ओढ लागते, म्हणून तो मोठ्या ट्रॅक्टरसह भाड्याने सांगावा. पलटी नांगर दोघा-तिघा भावांत मिळून घेतला तरी काम अडत नाही, फक्त पाळी आधी ठरवावी. अनुदान मिळते म्हणून एक आकार मोठा घेणे हा फायदा नव्हे. अनुदान एकदाच मिळते, डिझेल दर तासाला लागते.

तेव्हा खरेदीला जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा : पीटीओची ताकद, आपली जमीन आणि पाहिजे ती खोली. दोन आकारांत मन अडले तर लहान घ्या. लहान अवजार पूर्ण खोलीने, चालत्या वेगाने काम करते. मोठे अवजार मात्र अर्धे उचलूनच चालवावे लागते. हिशेब जमला नाही तर आपल्या गट ऑफिसात या. शेतकी खात्यातील कर्मचाऱ्यांबरोबर बसून तो मांडून घ्या, आणि मगच नारळ फोडा.