आधी गोळी की आधी ताट?

आंबिवलीहून फार दूर नाही, कल्याण पश्चिमेत मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. जिथे विद्यार्थी, तिथे वडापावच्या गाडीशेजारी आता थाई पदार्थांचे छोटे उपाहारगृहही दिसू लागते. सुटीच्या दिवशी नातवंडे आजी-आजोबांनाही तिथे आग्रहाने नेतात.

माझे एक रुग्ण, मोहन्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सत्तरीचे आजोबा, असेच नातवासोबत गेले. रात्रीच्या जेवणाआधीची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी शिस्तीने घरीच साडेसातला घेतली. रविवारची गर्दी; ताट समोर यायला नऊ वाजले. तोवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांना वाटले, उकाड्याचा त्रास. नातवाने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. दोष थाई जेवणाचा नव्हता. गोळी आणि घास यांत पडलेल्या दीड तासाचा होता.

म्हणून, वाचकहो, बाहेर जेवायला निघताना जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन सोबत न्यावे आणि ते नेमके केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. वरील लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी आणि नंतर जेवण द्यावे. या गोळीमुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता ताटाकडे वळू. थाई रश्शातील लेमनग्रास म्हणजे आपल्या परसातला गवती चहाच. त्याचे दांडे, गलांगलचे काप आणि लिंबाची पाने केवळ स्वादासाठी असतात. कवळी लावणाऱ्यांनी ती बाजूला काढावीत, नाहीतर घशात अडकतात. फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ३.५ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मात्र दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. रक्तदाब वा हृदयविकार असेल तर सॉस कमी घालायला सांगावे. शाकाहारी मंडळींनीही भाज्यांच्या पदार्थात तो आहे का, हे विचारून घ्यावे. दाण्याची वा कोळंबीची अॅलर्जी असल्यास मागणी नोंदवतानाच सांगावे. मधुमेहींनी भात वाटीभर घ्यावा, गोड सॉस टाळावा. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर पपनसाच्या सॅलडबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. हे फळ अशा औषधांचा परिणाम वाढवू शकते.

एवढे सांभाळून जरूर जावे. ते आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. या वेळी गोळी खिशात होती, आणि शेजारी साखरेची पुडी.