युनिट वाढवण्याआधी

सकाळी ६:३०
रेवदंड्याचा दवाखाना उघडायच्या आधी मोबाइल उघडतो. रात्रीचं इन्सुलिन नव्यानं सुरू झालेले पेशंट उपाशीपोटीची साखर कळवतात. चौलच्या एका काकांचे तीन सकाळचे आकडे आलेत: १६८, १७४, १५९. त्यांना १० युनिटांवर सुरू केलं होतं आणि साखर ८० ते १३०च्या दरम्यान हवी आहे. रात्री काही वेगळं खाणं नाही, एकही डोस चुकलेला नाही. कळवतो, "आज रात्रीपासून १२. तीन दिवसांनी पुन्हा आकडे पाठवा." ही पायरी सोपी. चढायची की नाही, हे ठरवण्यातच बाकीचा दिवस जातो.

सकाळी ८:३०
थेरोंड्याच्या मावशी बाजाराची टोपली बाहेर ठेवून आत येतात. सकाळ-संध्याकाळ तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन, २० युनिटं. महिन्यापूर्वी साखर ठीक होती, आता ३०० च्या खाली येत नाही. "रोज घेते हो डॉक्टर. भातपण निम्म्यावर आणलाय."

पिशवीतलं सगळं टेबलावर काढायला सांगतो. बाटलीवर ४० लिहिलंय, सिरिंजचं टोपण मात्र नारिंगी. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिटं असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची असते १०० युनिटांच्या इन्सुलिनसाठी. तिच्यावरच्या २० च्या रेघेपर्यंत या बाटलीतलं इन्सुलिन भरलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिटं. दुकानात लाल संपली होती, "ही पण चालते" म्हणून दुसरी दिली गेली. डोस २० च राहतो, सिरिंज बदलतो. पूर्वी याच डोसवर साखर ताब्यात होती. तरी पहिले काही दिवस रोज तपासायला सांगतो.

सकाळी ११:००
कोर्लईचे रिक्षावाले दादा. एक दिवस २४०, दुसऱ्या दिवशी ६५. शर्ट वर करायला सांगतो. बेंबीच्या उजवीकडे बोटाला रबरासारखी गाठ लागते. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून सुई रोज तिथेच. पण गाठीतून इन्सुलिन कधी झिरपतं, कधी अडतं. आता जागा बदलायची, सुई दरवेळी नवी आणि डोस २८ वरून २४.

"साखर वाढलेली असताना औषध कमी?"

"चांगल्या जागी टोचलं की तेवढंच औषध जास्त लागू पडेल. आधी ते बघू."

दुपारी १:३०
जेवता जेवता फोन: बाटली बर्फाच्या कप्प्यात राहून गोठलीय. ती टाकून द्यायची, वितळवून वापरायची नाही. खरं तर थोडे दिवस फ्रीज नसला तरी भागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. बाटल्या ओल्या वाळूतल्या मडक्यात तग धरून राहिल्या. वापरातली बाटली थंड जागी साधारण महिनाभर चालते.

दुपारी ४:००
ओहोटीमुळे होडी थांबलेली, म्हणून तांडेलदादा आलेत. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंद असते. तेव्हा घरी बसून साखर चढली आणि रात्रीचा डोस २२ वर गेला. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जाळी ओढणं सुरू झालं, डोस तोच राहिला. आता पहाटे बोटीवर घाम फुटतो, हात थरथरतात. "मला वाटलं, बोट लागतेय." इतकी वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला बोट लागेल कशी? साखर तपासायच्या यंत्रात परवाची नोंद ५८. डोस १८ करतो. ग्लुकोजचा डबा डिझेलच्या कॅनजवळ नको, सुकाणूपाशी हवा. आणि तो कशासाठी आहे, हे खलाशांनाही ठाऊक हवं.

संध्याकाळी ६:३०
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा खुशीत आहेत. पथ्य न पाळता साखर ९० वर आली. मला ते बरं लक्षण वाटत नाही. मूत्रपिंड थकलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर आपोआप उतरू लागते. क्रिएटिनिन तपासायला पाठवतो आणि डोस आजच कमी करतो. एकट्या राहणाऱ्या या वयाच्या माणसाची साखर थोडी वर राहिलेली परवडते, रात्री उतरलेली परवडत नाही.

रात्री ८:३०
उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. एका काकूंचा फोन: सकाळचं इन्सुलिन घेऊ की नको?

"उपासाला काय खाता?"

साबुदाण्याची खिचडी आणि रताळी म्हणाल्या असत्या, तर हिशेब वेगळा झाला असता. "नुसता चहा आणि एक केळं."

"मग सकाळचा डोस निम्मा. दुपारी साखर बघा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि उपास तिथेच सोडा. रात्री नैवेद्यानंतर जेवायच्या आधी नेहमीचं इन्सुलिन. पुरणपोळी मात्र अर्धीच."

पलीकडे क्षणभर विचार होतो. "अर्धी म्हणजे मोठ्यातली ना?"