शेवटची गाडी

ग्रुप राईडमध्ये सगळ्यांत पुढे असतो तो लीड आणि सगळ्यांत मागे असतो तो स्वीप. लीडचे फोटो निघतात, स्वीपच्या वाट्याला धूळ येते. किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानचा पामीर हायवे करून उझबेकिस्तानातल्या समरकंदला जायचं ठरलं, तेव्हा आम्हा अकरा जणांत ही शेपटीची जागा माझ्याकडे आली. नियम एकच: कुणालाही ओलांडायचं नाही. कुणी थांबला की आपण थांबायचं, मग कारण पंक्चरचं असो की लघवीचं.

गाड्या भाड्याच्या होत्या. स्वतःची गाडी भारतातून न्यायची तर पाकिस्तान-इराणच्या वाटेला कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टमचं कागदपत्र, लागतं. ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, पण त्यासाठी हमी म्हणून मोठी रक्कम अडकवावी लागते. त्यापेक्षा विमानाने जाऊन ओशला सिंगल सिलिंडरच्या, कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्या घेणं स्वस्त. मात्र गाडी दुसऱ्याच्या नावावर, म्हणून प्रत्येकाजवळ मालकाचं मुखत्यारपत्र, नोंदणीचा कागद, आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि पामीरच्या गोर्नो-बदख्शान भागाचा वेगळा परमिट असा गठ्ठा. प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेले अकरा गठ्ठे सीमेवर एकदम पुढे सरकवायचे, हे काम लीडचं. एक पाकीट कमी भरलं की सगळे उभे.

या प्रवासाचा वेग अ‍ॅक्सिलरेटरवर ठरत नाही, थांब्यांवर ठरतो. हेल्मेट काढणं, हातमोजे काढणं, काम उरकणं आणि पुन्हा सगळं चढवणं यात एकाची पाच मिनिटं जातात. अकरा जण वेगवेगळे थांबले तर तासभर गेला. म्हणून चांगला लीड पाणी, पेट्रोल, फोटो आणि निसर्ग हे सगळं एकाच थांब्यात बसवतो आणि तो थांबा सकाळीच जाहीर करतो. आमच्यात उत्तम गाडी चालवणारे तिघं-चौघं होते. ग्रुपला खरा उपयोग झाला तो दोघांचा, जे निघायच्या वेळी कायम तयार असत.

वळणांसाठी जुनी पद्धत आहे. फाटा आला की लीडच्या मागचा रायडर तिथे गाडी लावतो, येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो आणि स्वीप दिसल्यावरच माझ्यापुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर लीडच्या मागे नवा माणूस असतो. अशी मधली माणसं दिवसभर फिरत राहतात, दोन टोकं तेवढी पक्की. हल्ली हेल्मेटमध्ये इंटरकॉम आलेत. माझ्या मते त्यांनी एक नुकसान केलं: लोक आरशात बघायचं विसरले. आलिचूरच्या पुढे मुख्य रस्ता सोडून डावीकडे खारगुशच्या चौकीकडे एक कच्ची वाट जाते. बघताना ती वाटच वाटत नाही. तिथे इंटरकॉमवर फक्त वारा ऐकू येत होता. उभा असलेला माणूस मात्र लांबून दिसला.

पण स्वीपचं खरं काम उंचीवर सुरू होतं. ओश साधारण हजार मीटरवर, पहिला मुक्काम सारी-ताश ३,१७० मीटरवर. त्यापुढे किझिल-आर्त खिंड, ४,२८० मीटर. किर्गिझ चौकी खाली पायथ्याशी, ताजिक चौकी वर खिंडीजवळ आणि मध्ये वीसेक किलोमीटर तांबडी माती, जिच्या देखभालीची जबाबदारी कुणीच घेत नाही. (२०२१ मध्ये ही सीमा बंद झाली आणि मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या करारानंतर पुन्हा खुली झाली. आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो.) वर हवा विरळ, पण कार्बोरेटर पेट्रोल जवळपास पूर्वीइतकंच सोडतो. त्यामुळे इंजिन घुसमटतं, प्लग काळा पडतो आणि तिसऱ्या गिअरचा चढ पहिल्यात काढावा लागतो.

माणसांचंही तेच होतं, फक्त माणसं सांगत नाहीत. मागून मात्र दिसतं. सरळ रस्त्यावर गाडी कडेकडेला वाहवत जाते, गिअर चुकतो, थांबताना पाय उशिरा टेकतो. एरवी बडबड्या असलेला गप्प होतो किंवा उगाच चिडतो. ही लक्षणं दिसली की माझ्याकडे डोकं दुखतंय का, एवढाच प्रश्न असे. काराकुल गावी हे फार जपावं लागतं. गाव ३,९०० मीटरवर, खाऱ्या तळ्याच्या काठी. विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरणं हा पक्का उपाय, पण काराकुलहून खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं: मागे किझिल-आर्त, पुढे आक-बैताल, ४,६५५ मीटर. म्हणून आम्ही सारी-ताशला एक रात्र जास्त काढली. त्यावरून कुरकुर झाली, व्हायचीच.

मुर्गाबला पेट्रोल मिळालं ते पिंपातून बादलीने मोजून. नरसाळ्यावर जुना बनियन धरून गाळून घेतलं आणि बनियनवर जे साचलं ते पाहून सगळे गंभीर झाले. पुढे रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या. हळू गेलं तर दात वाजतात. ताशी साठाच्या आसपास चाक वळ्यांच्या माथ्यावरूनच धावतं, पण मग हॅण्डल हलकं होतं. ज्यांना हे जमलं ते सुटले, ज्यांना भीती वाटली ते माझ्यासोबत राहिले. अशा रस्त्यावर स्वीप भंगारवालाही होतो. मी नट, एक नंबरप्लेट, कुणाचा तरी थर्मास आणि मेतकुटाचा अख्खा डबा उचलला. डबा कुणाचा हे संध्याकाळी वाखानमध्ये, पंज नदीच्या काठी, भात शिजल्यावर आपोआप कळलं. पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद की तिकडची गाढवं मोजता येतात.

दुशान्बेनंतर डांबरी रस्ता आला आणि माझं काम हलकं झालं. पंजकेंटच्या पुढे उझबेक सीमेवर ते पुन्हा वाढलं, कारण सगळ्यांची औषधं माझ्या पेटीत. उझबेकिस्तानात कोडीनसारखी औषधं चालत नाहीत, म्हणून प्रत्येक पाकिटाचं प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवलं होतं. अधिकाऱ्याने तरी एकेक स्ट्रिप टेबलावर मांडली, नावं वाचली, क्रोसिनवर थबकला, ओआरएसची पुडी हुंगली. दहा जणांचे शिक्के झाले होते. ते बाहेर सावलीत टरबूज कापून बसले होते आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी खिडकीपाशी येऊन विचारत होतं, "स्वीप कुठे राहिला?"